तू उंच की मी उंच?

पैज मिसळीची होती. माझी एक मैत्रीण लोअर परळला एका काचेच्या ऑफिसात, चौदाव्या मजल्यावर, एचआरमध्ये आहे. परवा तिच्याकडे लंचला गेले होते (फ्रीलान्सरला फुकट लंच म्हणजे दिवाळीच!). त्यांच्या कॅन्टीनच्या खिडकीतून वर्ल्ड वन अगदी नाकासमोर दिसतो. टीममधला एक नवा मुलगा, पुण्याहून आलेला, डब्यातली भेंडी चिवडत म्हणाला, "मुंबईतली सगळ्यात उंच बिल्डिंग हीच ना?"

"छे रे! ताडदेवचे जुळे टॉवर उंच. इम्पिरिअल. ते टोकवाले," मैत्रीण म्हणाली.

"शक्यच नाही मॅडम. बघा तरी!"

"बघतेय. रोजच बघते मी!"

झालं. दोघांनी मोबाइल बाहेर काढायच्या आत मी मध्ये पडले. म्हटलं, गुगल करायचं नाही, ही पैज मी सोडवते. हरेल त्याने दोघांना मिसळ खिलवायची. तसाही या आठवड्याच्या कॉलमला विषय नव्हताच.

तर मंडळी, आधी डोळ्यांनी बघू. तुम्ही वेस्टर्न लाइनवाले असाल तर हे दोन्ही टॉवर रोज न बघता बघता. दादरहून चर्चगेटकडे निघालं की लोअर परळच्या आसपास वर्ल्ड वन येतो आणि महालक्ष्मी, मुंबई सेंट्रल करत पुढे गेलं की इम्पिरिअल. हाजी अलीपासून कोस्टल रोडने दक्षिणेला निघालात, तर डाव्या हाताला इम्पिरिअलची दोन टोकं दिसतात. एकासारखा एक, जुळ्या भावांना एकाच थानातले कपडे शिवावेत तसे. डिझाइन हफीज कॉन्ट्रॅक्टर यांचं. दोन्ही टॉवर किंचित तिरके उभे आहेत. का? घरातून समुद्र दिसला पाहिजे ना! डोक्यावर निमुळते होत गेलेले कळस. मला स्वतःला ते कळस जरा अतिच वाटतात, लग्नाच्या फोटोत फेट्यावरचा तुरा वाटतो तसे. पण एक मान्य करायला हवं, ते लक्षात राहतात. २०१० मध्ये ते पूर्ण झाले तेव्हा देशातल्या सगळ्यात उंच इमारती म्हणून त्यांचाच बोलबाला होता.

वर्ल्ड वनला तुरा नाही. काचेचा, गोलाई घेत गेलेला, एकदम इस्त्री केलेला टॉवर. काम पेई कॉब फ्रीड या न्यूयॉर्कच्या फर्मचं. पॅरिसच्या लूव्र म्युझियमच्या अंगणात जो काचेचा पिरॅमिड आहे ना, त्याचे आर्किटेक्ट आय. एम. पेई यांनी काढलेली ही फर्म. वाऱ्यापुढे टॉवर उभा कसा राहील हे गणित लेस्ली रॉबर्टसन यांच्या कंपनीने केलं, आणि रॉबर्टसन म्हणजे न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या स्ट्रक्चरवर काम केलेले इंजिनिअर. आतल्या इंटिरिअरला अरमानीचं नाव. म्हणजे बायोडेटा जबरदस्त! तो पूर्ण झाला २०२० मध्ये. दिसायला कोण चांगलं असं विचाराल तर माझं मत वर्ल्ड वनला. भर उन्हात नाही, पण संध्याकाळी सहाच्या सुमाराला, काच जरा नारिंगी होते तेव्हा नक्की.

आता आकडे. इम्पिरिअल साधारण २५६ मीटर, मजले ६०. वर्ल्ड वन २८०.२ मीटर, मजले ७६. म्हणजे पुण्याचा मुलगा जिंकला? थांबा जरा. उंचीत फरक चोवीस मीटरचा आणि मजल्यांत सोळाचा. एका मजल्याला किमान तीन मीटर धरले तरी सोळा मजल्यांचे अठ्ठेचाळीस होतात. मग बाकीचे गेले कुठे? तुऱ्यात!

उंच इमारतींची जागतिक नोंद ठेवणाऱ्या शिकागोच्या एका संस्थेचा नियम असा, की इमारतीच्या डिझाइनचाच भाग असलेलं टोक उंचीत धरायचं. टीव्हीचा अँटेना आणि झेंड्याचा खांब मात्र धरायचा नाही. याच नियमाने क्वालालंपूरचे पेट्रोनास टॉवर शिकागोच्या सिअर्स टॉवरच्या पुढे गेले. पेट्रोनास टोकासकट ४५२ मीटर, सिअर्स ४४२. खरं तर माणसं वावरतात असा सिअर्सचा सगळ्यात वरचा मजला पेट्रोनासच्या वरच्या मजल्यापेक्षा उंच होता. शिकागोकर जाम भडकले होते तेव्हा. आणि मजल्यांवरून उंची ठरवायची म्हणाल तर आपला अँटिलिया घ्या. मजले फक्त २७ आणि उंची १७३ मीटर. एका मजल्याला सरासरी सहा मीटरच्या वर. आमच्या घरात तेवढ्यात दोन पोटमाळे झाले असते.

तरी टोक धरा वा न धरा, वर्ल्ड वन उंच. मैत्रीण हरली. कॉलम इथेच संपायचा. पण मला एक किडा चावला. इम्पिरिअल २५६ वर का थांबला आणि वर्ल्ड वन २८० वर का? तीनशे का नाही? मला वाटलं, इंजिनिअर ठरवत असतील. वारा, पाया, लिफ्ट, काँक्रीट वगैरे. मुंबईसाठी आपल्या कोडात वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरतात, म्हणजे ताशी १५८ किलोमीटर. तो सोसायचा तर सोपं काम नाही, कबूल. पण या दोन टॉवरांची उंची इंजिनिअरच्या टेबलवर कमी आणि सरकारी फायलींमध्ये जास्त ठरली. एकाला फायलीने वर चढवलं, दुसऱ्याला फायलीने खाली उतरवलं.

आधी चढलेल्याकडे जाऊ. रविवारी सकाळी मी मुंबई सेंट्रलला उतरून ताडदेवला चालत गेले. इम्पिरिअल लांबून जेवढा सहज दिसतो तेवढाच जवळ गेल्यावर हरवतो. कारण तुमची मान वर जात नाही आणि समोर दुसऱ्याच इमारती येतात. साध्या, खिडक्यांच्या गजांना टॉवेल, गाउन, शाळेचे शर्ट वाळत घातलेल्या. खाली किराण्याचं दुकान, बाकड्यावर पेपर वाचणारे काका. मी काकांना विचारलं, "काका, इथे पूर्वी काय होतं हो?"

"झोपडपट्टी," ते पेपरमधून मान न काढता म्हणाले. मग काढली. "एम. पी. मिल कंपाउंड. आमचीच होती की!"

हीच ती गोष्ट. इम्पिरिअल उभा आहे तो एम. पी. मिल कंपाउंडच्या झोपडपट्टीच्या जागेवर, झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतून. तुमच्या-माझ्या भाषेत एसआरए. १९९५ च्या अखेरीला हे प्राधिकरण आलं. फंडा साधा होता: बिल्डरने झोपडीधारकांना त्याच जागेवर फुकट पक्की घरं बांधून द्यायची आणि त्या बदल्यात उरलेल्या जागेवर स्वतःला विकायला बांधायचं. त्यासाठी सत्तर टक्के झोपडीधारकांची संमती लागायची.

आता किती बांधायचं? इथे तो प्रसिद्ध शब्द येतो, एफएसआय, म्हणजेच चटईक्षेत्र निर्देशांक. घाबरू नका, हे बांधकामाचं रेशनकार्ड आहे. दक्षिण मुंबईत साध्या प्लॉटवर मूळ रेशन १.३३. म्हणजे हजार चौरस फुटांच्या प्लॉटवर १३३० चौरस फूट बांधा. एसआरएत हे रेशन वाढवून मिळायचं. आणि त्या काळच्या नियमाने शहर भागात झोपडीधारकांसाठी एक हजार चौरस फूट बांधलं की विक्रीसाठी साडेसातशे मिळायचं. उपनगरात हेच प्रमाण एकास एक. आता डोकं चालवा. झोपडीधारकांची घरं चिकटून चिकटून, जमिनीच्या थोड्या तुकड्यात बसवली तर उरलेल्या तुकड्यावर आपलं साडेसातशे रचत रचत कितीही वर नेता येतं. वर गेलं की समुद्र दिसतो आणि समुद्र दिसला की भाव चढतो. इम्पिरिअलची उंची ही त्या बेरजेची उंची आहे. खाली जितक्या माणसांना घरं दिली, तितके वर मजले विकायला मिळाले.

त्या योजनेत झोपडीधारकाचं घर किती? २२५ चौरस फूट. नंतर हा आकडा राज्याच्या योजनेत २६९ झाला आणि पुढे ३००. याच कंपाउंडच्या वाढीव चटईक्षेत्रावरून २०१७ च्या पावसाळी अधिवेशनात मोठा गदारोळ झाला होता, पेपरात वाचला असेल. म्हणजे सगळं गोड गोड आहे असं समजू नका. एसआरएच्या इमारतींत उजेड-वारा कमी, दोन इमारतींमधून हात बाहेर काढून शेजाऱ्याला साखर देता येईल एवढंच अंतर, ही तक्रार शहरभर आहे. काकांना विचारलं, घर कसं आहे? म्हणाले, "लिफ्ट बंद पडली की कळतं." मग थोडं थांबून, "पण बाई, पत्त्यात ताडदेवच आहे आजून."

पत्त्यात ताडदेवच! हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं आणि परत निघाले.

आता उतरलेल्याकडे. वर्ल्ड वन २०१० मध्ये जाहीर झाला तेव्हा तो जगातला सगळ्यात उंच निवासी टॉवर होणार होता. ११७ मजले, ४४२ मीटर. आकडा ओळखीचा वाटतो? सिअर्स टॉवरचा हाच. पुढच्या वर्षी काम सुरू झालं. अडचण एकच होती. आकाशातली!

मुंबईत विमानतळ शहराच्या बाहेर नाही, पोटात आहे. त्यामुळे उंच बांधायचं तर एअरपोर्ट्स ऑथॉरिटीची परवानगी लागते. विमानांच्या वाटेखाली एक अदृश्य छत पसरलेलं असतं असं समजा. धावपट्टीजवळ ते खाली, लांब जावं तसं वर. आणि परवानगीतली उंची मोजतात ती जमिनीपासून नाही, समुद्रसपाटीपासून. म्हणजे तुमचा प्लॉट चढावर असेल तर तेवढे मीटर तुमचे गेले. लोअर परळ सरळ रेषेत सांताक्रूझपासून दहा किलोमीटरच्या आसपास आहे. वर्ल्ड वनला ४४२ ची परवानगी मिळाली नाही. तो थांबला २८०.२ वर, ७६ मजल्यांवर. म्हणजे १६२ मीटर कमी. जवळजवळ एक अख्खा अँटिलिया उडाला!

मला याचं थोडं हसू येतं आणि थोडं वाईटही वाटतं. इतकी मोठी नावं, इतकी मोठी जाहिरात, आणि शेवटी एनओसी. आपल्याकडे गच्चीवर पत्रा टाकायला निघालेल्या माणसाचं होतं तेच!

पण आकाशाच्या फायलीपेक्षा जमिनीची फाइल जास्त इंटरेस्टिंग आहे. वर्ल्ड वन आणि त्याच्या शेजारचे टॉवर उभे आहेत सुमारे सतरा एकरांवर, जिथे पूर्वी श्रीनिवास मिल होती. गंमत बघा, ताडदेवच्या पत्त्यातही मिल आणि इथेही मिल. ब्रोकर मंडळी आता या भागाला 'अप्पर वरळी' म्हणतात. परळ शब्दाला बहुतेक अजून सुताचा वास येतो.

गिरणगाव आपल्या पिढीने पाहिलेलं नाही. आपल्यासाठी ते पब, मॉल आणि बॉसचं केबिन. म्हणून थोडक्यात सांगते. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले, आणि तो रीतसर कधी मिटलाच नाही. गिरण्या एकेक करून थंड झाल्या. मागे राहिली सुमारे सहाशे एकर जमीन. तिचं करायचं काय? १९९१ च्या नियमात, कलम ५८ मध्ये, उत्तर होतं: गिरणीची जमीन विकासाला काढली तर साधारण एक तृतीयांश पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला. बागा, घरं, टॉवर, सगळंच. वाचायला किती छान वाटतं ना?

२००१ मध्ये या कलमात दुरुस्ती झाली. वाटणी करायची ती फक्त मोकळ्या जमिनीची. ज्या जमिनीवर गिरणीचं बांधकाम उभं आहे ती वाटणीतून बाहेर. आता गिरणी म्हणजे काय हो? शेडच शेड! चिमणी, साळखातं, गोदाम, सगळ्या जागेवर बांधकाम. मधलं अंगण तेवढं मोकळं. एका शब्दाने केक तोच राहिला, सुरी बदलली. पर्यावरणवादी कोर्टात गेले. ऑक्टोबर २००५ मध्ये हायकोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. मार्च २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो फिरवला. दुरुस्ती कायम राहिली आणि परळच्या आकाशात क्रेन दिसायला लागल्या. आपल्यातल्या कित्येकांचा पहिला जॉब त्या क्रेनच्या खालीच लागला, हेही खरं.

मग म्हाडाच्या वाट्याला जे आलं त्यातून कामगारांची घरं. १ मार्च २०२० ला बॉम्बे डाइंग, स्प्रिंग आणि श्रीनिवास या तीन गिरण्यांच्या जागेवरच्या ३८९४ घरांची सोडत निघाली. किंमत साडेनऊ लाख. अर्ज पावणेदोन लाखांच्या आसपास. त्या ३८९४ मध्ये श्रीनिवास मिलची घरं किती? ५४४.

ताडदेवला जो राहत होता, त्याच्यासाठी बिल्डरला तिथेच घर बांधावं लागलं. छोटं, दाटीचं, लिफ्ट बंद पडणारं, पण घर, आणि पत्ता तोच. त्याला घर दिल्याशिवाय टॉवरची वीट चढत नव्हती. लोअर परळला जो काम करत होता, त्याचं नाव कलमात होतं, दुरुस्तीत बारीक झालं आणि शेवटी ड्रमात गेलं, चिठ्ठी होऊन. दिसण्यात मी वर्ल्ड वनला मत दिलं होतं. ते मागे घेत नाही. पण मला दोन्हींपैकी एकाच्या खाली उभं राहून एखाद्या काकांशी बोलायचं असेल, तर ताडदेवलाच जावं लागेल.

हे सगळं मी मंगळवारी मिसळ खाताना सांगितलं. दादरला गेलो होतो, मैत्रीण बिल भरणार होती. पुण्याचा मुलगा विजयी मुद्रेने तर्री जास्त मागत होता आणि पुण्यासारखी नाही म्हणून नाकही मुरडत होता (हे ओघाने आलंच).

५४४ म्हटल्यावर मैत्रीण पाव खाता खाता थांबली. "त्यात आमचा फॉर्म होता," ती म्हणाली.

मला माहीत नव्हतं. कॉलेजपासूनची मैत्रीण, आणि माहीत नव्हतं! तिचे आजोबा परळच्याच एका गिरणीत साळखात्यात होते. संपात गावी गेले, राजापूरला, ते कायमचे. तिचे बाबा डोंबिवलीला आले, तिथेच ती वाढली. वारस म्हणून बाबांनी फॉर्म भरला होता. आजोबांचं तिकीट, हजेरीचा कागद, रेशनकार्ड, सगळं एका प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये. सोडतीच्या दिवशी सकाळपासून बाबा टीव्हीसमोर. नंबर लागला नाही. पुढे शेलू आणि वांगणीला घरं द्यायची योजना आली, आणि घर हवं तर मुंबईतच, असं म्हणत संघटनांनी विरोध केला. बाबांना विचारलं तर म्हणतात, शेलू म्हणजे डोंबिवलीच्याही पुढे. आपण उलटे कशाला जायचं?

"आणि तू रोज त्या टॉवरसमोर जेवतेस?" मी विचारलं.

"मग काय उपाशी राहू?" ती हसली. "मी इम्पिरिअल उंच म्हणाले ना, ते उगीच. मला तो समोरचा जिंकायला नको होता."

पुण्याचा मुलगा गप्प झाला होता. मग त्याने हळूच मोबाइल बाहेर काढला आणि खाली बघत म्हणाला, "मॅडम, पण महालक्ष्मीला तो मिनर्व्हा आहे ना, तो ३०१ मीटर दाखवतोय."

म्हणजे मुंबईतली सगळ्यात उंच वर्ल्ड वन नाही आणि इम्पिरिअलही नाही. दोघंही हरले. अंपायरने निकाल दिला, बिल अर्धं अर्धं. मैत्रिणीने एक मिसळ पार्सल मागवली, बाबांसाठी, तर्री वेगळी बांधून. सहा चाळीसची डोंबिवली फास्ट पकडायची होती तिला.